बटाट्याच्या चारित्र्याचा दाखला

बटाटा मांसाहारी आहे असं मी कधीही म्हटलेलं नाही. मी फक्त वाचून दाखवलं होतं. हा फरक मी गेल्या दीड महिन्यात घरी, गल्लीत, तीन कार्यालयांत आणि एका काळीपिवळी जीपमध्ये समजावून सांगितला, पण तो एकाही माणसाच्या डोक्यात शिरला नाही. तेव्हा आता लेखी देऊन ठेवतो. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, आणि लेखी दिल्याशिवाय गोष्ट झाली असं मी तरी धरत नाही.

पौषातली एकादशी होती आणि सासूबाई संध्याकाळी फराळाला बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे रुक्मिणीबाई, मूळ मुक्काम मलकापूर, गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे बुलढाण्याला. सासरे गेले, मलकापुरात पुतण्याखेरीज कोणी नाही, आणि माझी बायको अनुपमा एकुलती एक. तिने आईला इकडे आणायचं म्हटलं तेव्हा मी एका मिनिटात हो म्हणालो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझ्या हेतूवर शंका घेतली जाणार आहे.

जावयाच्या घरात राहणं बाईंना जड जात होतं हे दिसत होतं. मी खोलीत आलो की डोक्यावर पदर यायचा. मी खुर्चीत असलो तर त्या खाली बसायच्या. फ्रिज त्यांनी कधी स्वतः उघडला नाही, गॅसला कधी हात लावला नाही. आणि उपवासांचं म्हणाल तर दोन एकादश्या, चतुर्थी, सगळे सोमवार, दर महिन्याची शिवरात्र, शिवाय गल्लीत कोणी आजारी पडलं की त्याच्या नावाने एक जादा. महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस उपवास आणि वजन एकेचाळीस किलो. साबुदाण्याने त्यांच्या छातीत जळजळतं, भगर घशाखाली उतरत नाही, शेंगदाणे चावायला दात नाहीत. उरला बटाटा. बाई निम्मा महिना बटाट्यावर जगत होत्या असं म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच नोव्हेंबरात मी गच्चीवर सिमेंटच्या चार रिकाम्या पोत्यांत बटाटे लावले होते. गच्चीवर माझी टमाट्याची झाडं आहेत, पेटुनियाच्या कुंड्या आहेत. म्हटलं, सासूबाईंना महाशिवरात्रीला घरचे बटाटे खाऊ घालू. जावई म्हणून याहून जास्त काय करायचं असतं मला माहीत नाही.

तर त्या एकादशीला त्या जेवत होत्या, अनुपमा वाढत होती, आणि मी मोबाइलवर बागकामाचं काहीतरी वाचत होतो. समोर कागद आला की मोठ्याने वाचायचा ही कार्यालयातली सवय. मी वाचलं, "टोमॅटो, पेटुनिया, बटाटा अशा आपल्या बागेतल्या काही झाडांच्या खोडापानांवर चिकट केस असतात. लहान कीटक त्यांना चिकटून मरतात, खाली मातीत पडतात, आणि त्यांचं सत्त्व मुळांवाटे झाडाला मिळत असावं, असा काही संशोधकांचा कयास आहे." 'असावं' या शब्दावर मी जोर दिला होता. 'कयास'वर तर दिलाच होता.

सासूबाईंनी ताटावर आडवा हात धरला. "बस वं अनू, पोट भरलं." आणि त्या उठल्या. ताटातली भाजी अर्धी तशीच.

त्या दिवसापासून बाईंनी बटाटा सोडला. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी अर्धा कप दूध. चतुर्थीला एक केळं, तेही अर्धं अनुपमाला दिलं. दुसऱ्या एकादशीला नुसतं पाणी आणि एक खारीक, जी त्या दिवसभर गालात धरून होत्या. तिसऱ्या आठवड्यात तुळशीला पाणी घालताना त्या मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी वजन केलं तर साडेअडतीस. डॉक्टर म्हणाले, "आजी, खात जा." आजी म्हणाल्या, "हाव." घरी आल्यावर पुन्हा अर्धा कप दूध.

"तुम्हीच बोलले, आता तुम्हीच निस्तरा," अनुपमा मला म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि घरातही गृहपाठ देते.

मी ठरवलं, निस्तरायचंच. सासूबाईंसमोर बसलो आणि समजावून सांगितलं की आई, तो नुसता अंदाज आहे, त्यातही सगळ्या बटाट्यांबद्दल नाही, रानटी जातींबद्दल जास्त, आणि बटाटा जमिनीखाली असतो, त्या बिचाऱ्याला वर काय चाललंय याची कल्पनाही नसते.

त्यांनी पदर सावरला. "जवाईबापू, तुम्ही माह्यासाठी म्हणून राह्यले. तुमचा स्वभाव मले माहीत आहे. पण एकदा तुमच्या तोंडून निघालं ते निघालं. जवायाचा शब्द सासूनं मोडावा काय?"

इथे माझी गोची लक्षात घ्या. माझ्या शब्दाला त्या इतका मान देत होत्या की तोच शब्द मागे घ्यायची मला सोय उरली नव्हती. मी बटाटा वाईट म्हटलं ते खरं, आणि चांगला म्हटलं तो माझा मोठेपणा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घरात माझ्या बोलण्याला इतकी किंमत मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ती नेमकी भलत्या वेळी आली होती.

तोवर बातमी गल्लीभर झाली. समोरचे वामनराव माळकरी, आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. ते संध्याकाळी आले ते चप्पल न काढताच दारात उभे राहिले.

"अविनाशराव, खरं काय ते सांगा. बटाटा किडे खाते म्हणे?"

"तसा कयास आहे."

"लसूण सोडला. कांदा सोडला. आता बटाटा सोडतो. मंग खावं काय माणसानं, खडू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "अन् हरभऱ्याचं काय? हरभऱ्यावर आंब असते. सकाळी वावरात गेलं की बोटं चिकटतात. त्याले बी चिलटं चिकटतच असतील ना? मंग पुरणाच्या पोळीचं काय?"

पुरणपोळीपर्यंत प्रकरण जाईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हणालो, हरभऱ्याचा त्या लेखात उल्लेख नाही. ते म्हणाले, "आज नाही. उद्या येईल." आणि गेले. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाने ठराव केला की खुलासा होईपर्यंत महाशिवरात्रीच्या फराळात बटाटा घेऊ नये. ठरावात माझं नाव 'संबंधित' म्हणून आलं होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना संबंधित म्हणत आलो, स्वतः संबंधित झालो तो हा पहिला प्रसंग.

शेजारचे शंकरराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. डोकं थंड, भाषा मोजकी. रोज पहाटे बुद्धवंदना, मग फिरणं, मग वर्तमानपत्र, आणि मग माझ्या भानगडी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या घरी हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पंचशील आम्ही घेतलं, बटाट्यानं कुठं घेतलं? किडा मारला असंन तर झाडानं मारला. पण तुमच्या सासूबाईले हे पटणार नाही, कारण हे बी तुम्हीच सांगणार. अविनाशराव, माणूस बोलला तर ते नुसतं बोलणं असते. शिक्का बोलला की निर्णय होते. कागद आणा."

"कसला कागद?"

"बटाट्याच्या चारित्र्याचा दाखला."

त्यांनी थट्टा केली असावी. पण मला ते पटलं. बाई माझ्यासाठी माझं म्हणणं मोडणार नाहीत, पण सरकारचा कागद आला तर माझाही इलाज नाही असं होईल आणि त्यांचाही मान राहील. त्या दिवसापासून मी दाखल्याच्या मागे लागलो, आणि मी एकदा मागे लागलो की माझ्या खात्यातले अभियंतेसुद्धा रस्ता बदलतात.

आधी पुरावा गोळा करायचा म्हणून मी दुकानातून एक भिंग आणलं आणि सलग आठ दिवस सकाळी सात ते नऊ गच्चीवर पानं तपासली. वही केली, रकाने पाडले. पेटुनियावर एकूण बावीस चिलटं चिकटलेली. टमाट्याच्या देठांवर चौदा. बटाट्याच्या पानांवर एक, आणि तेही जिवंत, नुसतं बसलेलं, मी फुंकर मारली तर उडून गेलं. एका सकाळी अधिक खात्री म्हणून मी मेलेला डास चिमट्याने बटाट्याच्या पानावर ठेवून पाहिला. तो घसरून पडला. नेमकं त्याच वेळी वामनरावांनी समोरच्या गच्चीवरून मला पाहिलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की अविनाशराव झाडांना रोज डास भरवतात. दोन घरांनी आमच्याकडून टमाटे घेणं बंद केलं. मी त्यावर खुलासा केला नाही. खुलासे करण्याची माझी ताकद मी मोठ्या कामासाठी राखून ठेवली होती.

पहिल्यांदा मी शेतीशी संबंधित एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही, शेवटी मीही त्याच पेशातला. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"कोणत्या योजनेत?"

"योजना नाही. दाखला पाहिजे. हा बटाटा किडे खात नाही म्हणून."

"किडे बटाट्याले खातात त्याचा अर्ज आहे."

"इथे उलटं आहे."

"उलट्याचा नमुना नाही," ते म्हणाले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "उद्या या, साहेबाले विचारतो." लोकांना 'उद्या या' म्हणण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. ते ऐकून घेताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी एक क्षण शरमलो. फार नाही, एकच क्षण.

दुसऱ्या कार्यालयात, जिथे खाण्याच्या वस्तूंवर शाकाहारी-मांसाहारी ठिपक्यांचं बघतात असं मला कोणीतरी सांगितलं होतं, तिथल्या बाई हसल्या नाहीत याबद्दल मी आभारी आहे. त्या म्हणाल्या, "हिरवा ठिपका पाकिटावर असतो. तुमचा बटाटा पाकिटात आहे का?" मी म्हणालो, तो मातीत आहे. "मग आधी मातीतून काढा, पाकिटात घाला, पाकिटाची नोंदणी करा, मग ठिपक्याचं बघू." मी हिशेब केला. तोवर सासूबाईंचं वजन कुठे गेलं असतं!

शेवटी कोणीतरी सांगितलं की धाड गावाच्या रस्त्याला एक भाजीपाला संशोधन उपकेंद्र आहे, तिथे समता मॅडम म्हणून अभ्यासू बाई आहेत, झाड घेऊन जा. मी चार पोत्यांपैकी एकातलं एक रोप मुळासकट बादलीत काढलं, ओली माती घातली आणि स्टँडवर गेलो. धाडला बाजाराचा दिवस. एसटीत बादलीला जागा नाही म्हणाले. जीपमध्ये मागच्या फळीवर जागा मिळाली. डाव्या बाजूला एक आजोबा, उजव्या बाजूला त्यांची विकायला निघालेली शेळी, मधे मी आणि बादली. आजोबांनी विचारलं, हे काय घेऊन चालले? मी त्यांना सुरुवातीपासून सांगायला घेतलं, कयासापर्यंत आलो, आणि खाली पाहिलं तर बादलीत फक्त देठ होता. शेळी अत्यंत शांतपणे शेवटचं पान चावत होती.

"खाल्लं वाटते," आजोबा म्हणाले. "ते कशालेच नाही म्हणत नाही."

परत फिरणं माझ्या स्वभावात नाही. मी देठ घेऊन उपकेंद्रात गेलो. समता मॅडम तरुण होत्या, चष्मा डोक्यावर, हाताला माती. त्यांनी बादलीत डोकावून विचारलं, "नमुना कुठे आहे?"

"शेळीने खाल्ला."

"मग तुमचा बटाटा कीटक खातो का ते माहीत नाही, पण शेळी बटाटा खाते एवढं सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. पण मी सासूबाईंचं वजन सांगितलं तेव्हा त्या गंभीर झाल्या. त्यांनी मला चहा दिला आणि नीट समजावलं की काही झाडांच्या चिकट केसांत कीटक मरतात हे खरं, त्याचा झाडाला थोडा फायदा होत असेलही, पण म्हणून त्याला शिकारी म्हणणं बरोबर नाही. कोणतंही झाड शेवटी मातीतलं मेलेलंच खातं, पानं, शेण, किडे, सगळं. "तसं पाहिलं तर सगळीच झाडं दोषी, नाहीतर कोणीच नाही."

मी म्हणालो, हे सगळं दोन ओळींत, शिक्क्यासह द्या.

त्यांनी लिपिकाला मजकूर सांगितला आणि त्या शेतावर गेल्या. लिपिकाने त्याच्याकडच्या जुन्या नमुन्यात तो बसवला. मी घाईत घडी घालून खिशात ठेवला आणि परतीच्या जीपमध्ये उघडून वाचला. त्यात लिहिलं होतं, "प्रमाणित करण्यात येते की, सदर अर्जदार यांची पाहणी केली असता अर्जदार हे कीटकभक्षी असल्याचे निदर्शनास आलेले नाही." खाली गोल शिक्का, स्पष्ट, निळा. जिल्ह्यात असा दाखला असलेला मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा जीप, पुन्हा फळी. 'अर्जदार' खोडून 'बटाटा' करून आणला, खाडाखोडीवर सही घेतली. शंकररावांनी तो कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "पक्का आहे. याच्यावर तर कर्जही मिळंन."

महाशिवरात्रीच्या तीन दिवस आधीच्या एकादशीला मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोन्ही हात जोडले, कागद घेतला, कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे उभा करून ठेवला. वामनरावांना बोलावून तो दाखवला. भजनी मंडळाचा ठराव तिथल्या तिथे मागे घेतला गेला. बटाटा सुटला. माझी छाती इंचभर वर आली होती. मी स्वतः बाजारातून किलोभर बटाटे आणले, अनुपमाने भाजी केली, ताट वाढलं.

सासूबाई म्हणाल्या, "मले दूध दे वं. भूक नाही."

मी चिडलो. मनापासून चिडलो. स्वयंपाकघरात जाऊन अनुपमाला म्हणालो, "आता काय राष्ट्रपतींची सही आणू? शिक्का आहे, सही आहे, शेळीची साक्ष आहे, आणखी काय पाहिजे त्यांना?"

अनुपमाने गॅस बंद केला. ती रडत होती हे मला आधी दिसलंच नाही.

"तो कागद घेऊन नका बसू हो. आई बटाट्यामुळं नाही थांबली. तुमच्यामुळं थांबली. टमाट्याची भाजी खाते ना ती? त्या लेखात टमाटे पहिले होते की नाही?"

वहीत टमाट्याच्या देठावरची चौदा चिलटं होती, पण सासूबाई टमाटे खातात हे मी पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशी मी तिच्या ताटात दुसऱ्यांदा वाढत होती," अनुपमा म्हणाली. "अन् तुम्ही नेमकं तेव्हाच ते वाचायले घेतलं. तिले वाटलं, जवाई ताटाकडं पाहून राह्यला. म्हातारी लेकीच्या घरी किती खाते, ते ऐकवून राह्यला. तेव्हापासून ती कोणतीच गोष्ट दुसऱ्यांदा घेत नाही. पोळी एक, भात दोन घास. तुम्ही पाहिलं काय? मले बी आज सांगतलं तिनं, जेव्हा गजेंद्रले फोन केला तेव्हा. शिवरात्र झाली की तो गाडी घेऊन येणार आहे तिले मलकापूरले न्यायले."

गजेंद्र म्हणजे तो पुतण्या. माणूस चांगला आहे, पण घरात त्याची चार माणसं दोन खोल्यांत राहतात, आणि बाईंना तिथे कोण विचारणार? मला फार वाईट वाटलं. लाज वाटली म्हणणं जास्त बरोबर होईल. मी भिंग घेऊन पानापानावर भूक शोधत फिरलो, आणि माझ्याच घरात एक बाई पोटभर जेवायला घाबरत होती, माझ्यामुळे. शिवाय सासूबाई घरात असलेल्या मला आवडायच्या. सकाळी त्यांच्या काठीचा आवाज आला की बरं वाटायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, सासूला असं सांगतात हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी लगेच बाहेर गेलो आणि म्हणालो, "आई, त्या दिवशी मी तुमच्या ताटाकडे पाहत नव्हतो. शपथेवर सांगतो."

"अगं बाई!" त्यांनी घाईने पदर ओढला. "असं काऊन म्हणता जवाईबापू? मले तं काहीच वाटलं नाही. गजेंद्र बोलावून राह्यला म्हणून जाते. अन् तुम्ही माफी मागून मले पाप नका लावू."

हा दरवाजाही बंद. जावयाने टोमणा मारला असं सासूला म्हणता येत नाही, आणि जे म्हटलंच नाही त्याची माफीही घेता येत नाही. बोलून होण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण मी हरलो नव्हतो. तीन दिवस होते.

महाशिवरात्रीला मी एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा उपवास धरला. सकाळी चहासुद्धा नाही. सासूबाईंना म्हणालो, "बटाटे काढायचे आहेत, मला समजत नाही, तुम्ही या." शेतीच्या कामाला बोलावल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. गच्चीवर पोतं आडवं केलं, आणि बाई खाली बसून मातीत हात घालून भराभर बटाटे वेचू लागल्या. लहान-मोठे, सुपारीएवढेही. मला मधेच म्हणाल्या, "असं नाही हो, साल सोलटते." तीन पोती झाली, ऊन चढलं, चौथं तसंच राहिलं.

अकरा वाजता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. साडेअकराला मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खालीच बसलो.

"अनू, बघ वं, जवाईबापूले काय झालं!"

"भूक लागली आहे," मी म्हणालो. "बटाट्याची भाजी पाहिजे. पण अनुपमाच्या हातची नको, आई. तुमच्या हातची पाहिजे."

अनुपमा माझ्याकडे बघत राहिली, मग ओल्या हाताने तिने लायटर आईच्या हातात दिला आणि बाजूला झाली. बाई गॅसपाशी आल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा. "मीठ कुठं हाय?" म्हणाल्या. "जिरं कुठं ठेवता तुम्ही लोकं?" डबे उघडले, एक झाकण पाडलं, तूप सढळ हाताने घातलं, मिरच्या उभ्या चिरून टाकल्या. घरभर वास सुटला. मला भुकेने रडू येईल असं वाटलं.

त्यांनी ताट वाढलं आणि उभ्या राहिल्या. मी खाल्लं. जावयाने पहिल्या वाढपानंतर ताटावर हात धरायचा, सासूने आग्रह करायचा, त्याने नको नको म्हणायचं, ही पद्धत. मी हात धरला नाही. ताट पुढे केलं. "आणखी वाढा." त्यांनी वाढलं. पुन्हा पुढे केलं. माझा बेत असा होता की दोनदा मागून घ्यायचं म्हणजे या घरात मागून खातात हे त्यांना दिसेल, आणि मग त्यांना बसा म्हणायचं. पण भाजी फार चांगली झाली होती आणि मी खरोखरच उपाशी होतो. तिसऱ्यांदा मागितली ती बेताबाहेरची होती. चौथ्यांदा मागितली तेव्हा मी बेतच विसरलो होतो. मान खाली घालून मी खात होतो आणि कढईत कालथ्याने खरवडल्याचा आवाज येत होता.

"अहो!" अनुपमा किंचाळली.

मी वर पाहिलं. सासूबाई कढई तिरपी करून तिच्या तळाकडे बघत होत्या. तळाला एक जळकी मिरची होती. मग त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, एकटक, उघड उघड, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तो त्यांनी सावरलाही नाही.

"काऊन हो जवाईबापू," त्या म्हणाल्या, "सगळंच खाल्लं? एवढं खाते काय कोणी? माह्यासाठी काही ठेवायचं की नाही? मले बी सकाळपासून भूक लागून राह्यली ना!"

कोणी इतकं रागावल्यावर मला एवढा आनंद आजवर झालेला नाही. मी म्हणालो, "गच्चीवर चौथं पोतं आहे अजून."

"मंग पाहत काय बसले? जा, काढून आणा. अन् मोठे मोठे आणा, ते सुपारीवाले नका आणू."

मी उठलो, हात न धुताच जिना चढू लागलो. खालून त्यांचा आवाज येत होता. "अनू, गजेंद्रले फोन लाव. सांग त्याले, गाडी घेऊन नको येऊ. अन् ते मोठी कढई काढ वं. तुह्या नवऱ्याचं काही खरं नाही."